३७ खेपा की २० खेपा? हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा नाही



सिल्लोडहून छत्रपती संभाजीनगर साधारण ६५ किलोमीटर. तिथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. मग आपला माणूस अडतो कुठे? खेपांमध्ये.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिथला कर्करोग बाहेर पसरलेला नसेल तर रेडिएशनने बरा होऊ शकतो. जुन्या पद्धतीत ७४ ग्रे डोस ३७ भागांत देत. आठवड्याला पाच दिवस, म्हणजे साडेसात आठवडे.

मुख्यतः ब्रिटनमध्ये ३,२०० हून अधिक रुग्णांवर 'चिप' नावाची चाचणी झाली. २०१६ साली तिचा निकाल आला. २० भागांत ६० ग्रे दिलेले रुग्ण पाच वर्षांनंतर जुन्या पद्धतीइतकेच चांगले होते. या कर्करोगाच्या पेशींवर रोजच्या मोठ्या डोसाचा मारा जास्त लागू पडतो, म्हणून एकूण डोस कमी चालतो. २०२४ मध्ये 'पेस-बी' चाचणीने तर पाच भागांतही आजार तितकाच आटोक्यात राहतो हे दाखवले. मात्र त्यात लघवीचा त्रास काहीसा जास्त दिसला, आणि त्यासाठी अचूक नेम धरणारे यंत्र लागते.

आता हिशोब मांडा. ६५ ते ७५ वयाच्या आजोबांना एसटीत अर्धे तिकीट, पंचाहत्तरी ओलांडली की मोफत. पण सोबत येणाऱ्या मुलाचे काय? त्याचे पूर्ण तिकीट आणि बुडालेली मजुरी. ३७ ऐवजी २० खेपा म्हणजे १७ दिवसांची रोजी वाचली. पगारी रजा असणाऱ्याला हा फरक सोयीचा वाटेल. कापूस वेचणाऱ्या घरात याच फरकावर उपचार पूर्ण होणार की अर्धवट सुटणार हे ठरते.

प्रत्येकाला कमी खेपा चालतीलच असे नाही. आजार किती पसरला, यंत्र कोणते, हे डॉक्टरच ठरवतील. पण "किती भाग? इतकेच का? २० मध्ये होईल का?" हे विचारणे उद्धटपणा नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते.

म्हणून कार्यकर्त्यांनो, रुग्णासोबत जाल तेव्हा फक्त फॉर्म भरून थांबू नका. हे तीन प्रश्न विचारा. सोबत्याच्या प्रवासखर्चाची आणि मुक्कामाची मागणी निवेदनात लिहा. फुकट उपचार कागदावर असून भागत नाही, तो मजुराला परवडलाही पाहिजे.

जय भीम!