काचेच्या रबराला कोणी वाली आहे का?

आधीच सांगतो, हे वाचून काही जीपवाले मित्र भडकणार आहेत. भडकू देत.

नगरच्या माणसाला लष्करी गाड्यांचं वेड बाहेरून आणावं लागत नाही. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं सेंटर इथे, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे, १९९४ साली उघडलेलं रणगाडा संग्रहालय इथे. जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला शक्तिमान ट्रक कोपऱ्यावर वळायच्या आधी नुसत्या आवाजावरून ओळखणारी पोरं आमच्या गल्लीत होती. त्यामुळे लिलावात निघालेली जोंगा किंवा जुनी विलीज कोणी घरी आणली, की बघायला गर्दी ही होणारच.

आणि मग सुरू होतो रिस्टोरेशनचा सोहळा. ऑलिव्ह ग्रीनची नेमकी शेड कोणती यावर तीन महिने वाद. बटणं टायर. बॉनेटवर पांढरा तारा (भारतीय सैन्याच्या जोंगावर तो कशाला, हे विचारायचं नाही!). मागे जेरीकॅन. हे सगळं झाल्यावर गॅरेजवाला विचारतो, "साहेब, काचेच्या रबराचं काय करू?" आणि साहेब म्हणतात, "सिलिकॉन मारून टाक की."

माझं भांडण या एका वाक्याशी आहे.

सिलिकॉनची जी स्वस्त ट्यूब हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तिला व्हिनेगरसारखा वास येतो. येणारच, कारण सुकताना ती ॲसेटिक ॲसिड सोडते. म्हणजे रंग उडालेल्या उघड्या पत्र्यावर तुम्ही स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या पैशाने ॲसिड लावताय. वर त्या थराखाली शिरलेलं पाणी बाहेर यायची वाट बंद. फ्रेम आतून कुजत राहते आणि बाहेरून रंग चकाचक. आमच्या धंद्यात याला हॉटफिक्स म्हणतात, आणि तो कोणाच्या अंगावर येतो तेही सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या मालकाच्या.

"अरे, नगरला पाऊस असतो कुठे?" हा ठरलेला बचाव. बरोबर आहे, नगर पर्जन्यछायेत. पण रबराचा पहिला शत्रू पाऊस नाहीच, ऊन आणि हवेतला ओझोन आहे. नैसर्गिक रबर त्याने तडकतं, कडक होतं, कोपऱ्यात आकसतं. आठ महिने नगरच्या उन्हात उभी राहिलेली गाडी सप्टेंबरच्या एकाच सरीत सगळं दाखवते. शिवाय हीच मंडळी जुलैत भंडारदऱ्याला जातात ना! जिल्हा एकच, पण अकोल्याच्या पश्चिमेला, घाटघर-रतनवाडीकडे पाऊस आडवा येतो. तिथे मांडीवर टॉवेल घेऊन गाडी चालवायची आणि वर अभिमानाने सांगायचं, "मिलिटरीची गाडी आहे बाबा, गळणारच."

का म्हणून गळणार? ज्यांनी ती बनवली त्यांनी तिथे रबर दिलंच होतं ना?

दुसरी जमात अस्सलवाल्यांची. यांना चाळीस वर्षं गोदामात पडलेलं 'ओरिजिनल' रबरच हवं. बाबांनो, रबर ही दारू नव्हे, मुरून चांगली व्हायला. ते पाकिटातही म्हातारं होतं. आज त्याच आकाराची ईपीडीएमची पट्टी मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. ओझोनपुढे ती जुन्या रबरापेक्षा कितीतरी जास्त टिकते. इंजिन-चेसिस बदलू नका, मी तुमच्याच बाजूने आहे. पण रबर हा झिजणारा भाग आहे, वायपरच्या पात्यासारखा.

बरं, काम अवघड आहे का? वेळखाऊ आहे, अवघड नाही. विलीजसारख्या दुमडत्या काचेच्या गाडीत रबरं दोन ठिकाणी लागतात. एक काचेला फ्रेममध्ये धरणारं. दुसरं फ्रेमच्या खाली, बॉडीवर दाबून बसणारं. बहुतेक लोक पहिलं बदलतात आणि दुसरं विसरतात, म्हणून पाणी थेट गुडघ्यावर. हे खालचं रबर दाबलं जायला हवं. ट्रकच्या मडफ्लॅपचा जाड तुकडा कापून घातला तर फ्रेम नीट बसत नाही, क्लॅम्प लागत नाहीत, आणि फट होती त्याहून मोठी होते. कागदाची पट्टी मध्ये ठेवून फ्रेम बंद करा. कागद अलगद ओढून निघाला तर तिथून पाणी येणार.

खाचेचं रबर बसवायचं तर आधी गंज खरवडून, प्रायमर मारून, तो पूर्ण वाळू द्यायचा. मग रबर काचेवर चढवायचं, बाहेरच्या खाचेत दोरी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं, आणि एकाने बाहेरून तळहाताने दाबत असताना दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायची. ग्रीस किंवा ऑइल अजिबात नाही, ईपीडीएम त्याने फुगतं. पट्टी ताणून बसवायची नाही, उलट किंचित जास्त लांब ठेवायची. ताणलेलं रबर काही दिवसांत मागे सरकतं आणि कोपरा उघडा पडतो. काचा सपाट असतात, त्यामुळे लॅमिनेटेड काच कोणताही बरा काचवाला मापाने कापून देतो.

दोन माणसं, अर्धा दिवस. एवढ्या मजुरीवर घासाघीस करायची आणि रंगाचं बिल मात्र हसत भरायचं, म्हणूनच दोरीने रबर बसवणारे म्हातारे कारागीर निवृत्त होताहेत आणि त्यांच्या जागी ट्यूबवाली पोरं येताहेत. पोरांचा दोष नाही, गिऱ्हाईक तेवढंच मागतं.

पुढच्या वेळी गाडी ताब्यात घ्यायला जाल तेव्हा तारा-बिरा नंतर बघा. आत डॅशबोर्डखाली वर्तमानपत्र अंथरा, काचेवर दहा मिनिटं पाण्याचा पाइप धरायला लावा, आणि स्वतः आत बसा. पेपर भिजला तर मजुरी देऊ नका.