दोन बिऱ्हाडांचा संगणक

आमच्या घरच्या संगणकात दोन बिऱ्हाडे नांदतात. पुढच्या खोलीत विंडोज. तिथे सौ.चा कारभार: बँक, विजेची बिले, लग्नामुंजींचे फोटो. मागच्या खोलीत लिनक्स, आणि तिथे मी. यंत्र सुरू केले की ‘ग्रब’ नावाचा पहारेकरी विचारतो, कुणाकडे जायचे? दहा सेकंदांत उत्तर आले नाही तर तो आपल्या मनाने माझ्याकडे आणून सोडतो. त्यावरून आम्हा उभयतांत जे संवाद झडतात ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत. शिवाय घड्याळाची कटकट वेगळीच. यंत्रातल्या घड्याळात इथली वेळ आहे असे विंडोज धरून चालते. लिनक्स तिलाच जागतिक वेळ समजतो. त्यामुळे माझ्याकडून कुणी तिच्याकडे गेले की घड्याळ साडेपाच तास मागे!

तर या दोन्ही बिऱ्हाडांची जागा म्हणजे ५०० जीबीची एक जुनी हार्ड डिस्क. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी आणि त्याबद्दल सारखी कुरकुरणारी. यंदा दिवाळीच्या साफसफाईत मी जाहीर केले, “आता एसएसडी घ्यायची. तिच्यात फिरणारे काही नसतेच. आवाज नाही, खरखर नाही.”

एक टीबीची डिस्क आली. ‘क्लोनझिला’ने एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर उतरवता येते. रात्रीची जेवणे झाल्यावर काम लावले, झोपायच्या सुमारास ते संपले. सकाळी संगणक सुरू केला, तो दोन्ही बिऱ्हाडे जागच्या जागी! वेगही मला दुप्पट वाटला. पैसे खर्च केल्यावर वाटतोच.

दोन दिवस गेले. सौ.चा मोबाइल भरला होता. त्यात माझ्या आईच्या आवाजातल्या ओव्या होत्या. आई जायच्या आदल्या वर्षी हिनेच तिला आग्रह करून म्हणायला लावलेल्या. “नव्या डिस्कवर ठेवल्यात हं,” असे म्हणून हिने त्या मोबाइलमधून काढून टाकल्या.

तिसऱ्या दिवशी जुनी डिस्क कोरी करून पुतण्याला द्यावी म्हणून मी बसलो, तेवढ्यात हिने स्वयंपाकघरातून, चकलीचा सोऱ्या हातात घेऊनच, डोके बाहेर काढले.

“अहो, नवी डिस्क आवाज करत नाही म्हणाला होतात ना?”

“नाहीच करत.”

“मग ही कुरकुर कुणाची?”

मी कान दिला. जुनी डिस्क जोमाने काम करीत होती.

घडले होते ते असे. नक्कल इतकी हुबेहूब, की प्रत्येक भागाचा ओळखक्रमांकसुद्धा तोच उतरला होता. आणि मी शहाण्याने दोन्ही डिस्का जोडलेल्याच ठेवल्या होत्या. एकाच पत्त्याची दोन घरे असली तर पोस्टमन आधी दिसेल त्या घरात पत्र टाकतो. संगणकानेही तेच केले. दोन दिवस आम्ही जुन्याच घरात राहत होतो. ओव्याही तिथेच, आणि फक्त तिथेच. नक्कल होताच जुनी डिस्क आधी काढून ठेवायची असते, एवढी साधी खबरदारी मी घेतली नव्हती.

माझे हात गार पडले. हिला मात्र त्या वेळी काही बोललो नाही. आधी ओव्या पेनड्राइव्हवर उतरवल्या, मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर, मग यंत्र बंद करून जुन्या डिस्कची केबल उपटली. पुन्हा सुरू केले तेव्हा चहाचे आधण ठेवायलाही सवड मिळाली नाही, पडदा हजर. ओव्यांचा फोल्डर अर्थातच तिथे नव्हता. तो आणून ठेवला. घड्याळाची खोडही लिनक्सला एक आज्ञा देऊन त्याच बैठकीत घालवली. नव्या डिस्कवर उरलेली अर्धी जागा कुणाच्या बिऱ्हाडाला जोडायची, हा वाद अजून चालू आहे.

संध्याकाळी हिला सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “लावा एक.”

खोलीत कसलाही आवाज नव्हता. पहिल्या ओवीआधी आई घसा खाकरते, आणि हिला विचारते, “सुरू झालंय का गं ते?” इतक्या वर्षांत ते मला कधी नीट ऐकू आले नव्हते.

जुनी डिस्क कपाटात आहे. पुतण्याला दुसरी घेऊन देईन म्हणतो.