कोंबडीला गादी, सशाला जाळी

पालखीसाठी दोन दिवस सुट्टी टाकून यवतला गेलो होतो. तुकोबांची पालखी आमच्याकडे मुक्कामाला असते आणि त्या रात्रीचं पिठलं-भाकरी हा यवतचा मान. घरात पंधरा-वीस वारकरी, ओसरीवर सतरंज्या, आई एका आजींच्या तळव्यांना तेल चोळतेय. त्या गडबडीत पुतणी माझा शर्ट ओढत म्हणाली, "काका, कापश्याच्या पायाला पण काहीतरी झालंय."

कापश्या म्हणजे आमचा ससा. मीच आणलेला, तिच्या वाढदिवसाला, पुण्याहून, पिंजऱ्यासकट. उचलून बघितलं तर मागच्या दोन्ही टाचांवरची लव गेलेली, कातडी लालभडक, एका ठिकाणी खपली. अख्खं गाव अनोळखी माणसांचे पाय चेपत होतं आणि आमच्या घरातला जीव चार महिने तारेवर उभा होता.

तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हा विकांत ह्याच विषयावर. पाळीव सशाच्या पिंजऱ्याला तळाशी तारेची जाळी नको. "थोडी चालते", "बारीक असेल तर चालते" वगैरे काही नाही. नको.

पिंजरा घेताना मी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला होता, "साफ करायला सोपा आहे ना?" तो म्हणाला, "एकदम. लेंड्या, मूत, सगळं खालच्या ट्रेमध्ये. तुम्हाला बघायलाच नको." आणि आम्ही खरंच बघितलं नाही. वापरणाऱ्याला सोडून बिल भरणाऱ्यालाच रिक्वायरमेंट विचारायची, ह्या चुकीवरून मी हापिसात आठवड्यातले पाच दिवस लोकांशी भांडतो. असो.

कुत्र्या-मांजराच्या पंजाखाली मऊ गादी असते. सशाला ती नसते, नुसती दाट लव. मातीत त्याची नखं रुततात, वजन पूर्ण पावलावर वाटलं जातं. कडक सपाट जागेवर तेच वजन टाचेवर येतं आणि जाळीवर तर दोन-तीन तारांवर. आधी लव झिजते, मग कातडी सोलते, मग जखम. ती चिघळली तर हाडापर्यंत जाते. सशाचा पू पातळ नसतो, खव्यासारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. आमच्याकडे गाई-म्हशींना बघणारे डॉक्टर आले त्यांनी मलम दिलं, पण म्हणाले, "आधी ती जाळी काढा, मग मलम लावा."

मग ही जाळी आली कुठून? मटणासाठीच्या ससेपालनातून. राजस्थानात अविकानगरला मेंढी व लोकर संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तिथे ब्रॉयलर सशांवर काम झालेलं आहे. असा ससा साधारण तीन महिन्यांत कापायला जातो. शिवाय तिथे मुद्दाम न्यूझीलंड व्हाइटसारख्या, तळव्याला जाड लव असलेल्या जाती ठेवतात. शेकडो ससे, दोन माणसं, तीन महिने, हे गणित मला पटत नसलं तरी समजतं. घरातला ससा आठ-दहा वर्षं जगतो. तीन महिन्यांचं डिझाइन दहा वर्षांना चिकटवायचं?

जाळीवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. लेंड्या खाली पडल्या की कॉक्सिडिया नावाच्या परजीवींचा प्रसार कमी होतो. मान्य. पण तोच आजार कोंबड्यांनाही होतो ना? तरी आमच्या दौंड तालुक्यात कोणत्याही ब्रॉयलरच्या शेडमध्ये जा, खाली भाताचं तूस पसरलेलं असतं. नावच आहे, गादी पद्धत! तूस कोरडं ठेवतात, खालीवर करतात, औषध देतात. सहा आठवडे जगणाऱ्या कोंबडीसाठी एवढं करता येतं आणि घरातल्या एका सशासाठी नाही?

दादाचं म्हणणं, "आपल्या शिवारातला ससा ढेकळात बसतो, त्याला कोण गादी देतं?" अरे दादा, तो प्राणीच वेगळा. मराठीत दोघांना एकच शब्द, म्हणून घोटाळा. शिवारातल्या सशाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो पाळताही येत नाही. पाळीव ससा युरोपातल्या बिळं खणणाऱ्या सशापासून आलेला. आणि ढेकूळ म्हणजे माती. तार नव्हे.

आता अंथरायचं काय? इथे मी पुन्हा शहाणपणा केला. यवतला उसाला तोटा नाही, म्हटलं पाचट टाकू, फुकटात. आबांनी एक पान माझ्या दंडावरून ओढलं फक्त. बारीक रेघ उमटली रक्ताची. "वासराखाली टाकतो ते दाबून, जाड थर देऊन. ह्याचं कातडं बघ की आधी." पाचट बाद. सुताराकडचा भुसा बाद, कारण बारीक धूळ नाकाडोळ्यांत जाते आणि त्यात प्लायवूडचा डिंकही असतो. गोणपाट दिसायला छान, पण ससा त्याचे दोरे कुरतडून गिळतो, आणि सशाला उलटी करता येत नाही, आतडं तुंबतं.

म्हणजे अंथरूण असं हवं की खाल्लं तरी चालेल, कारण तो ते खाणारच. उरलं वाळलेलं गवत. बांधावरची हरळी कापून सावलीत वाळवली, पण तणनाशक मारलेला बांध सोडून, हे फार महत्त्वाचं. कुबट वास आला तर सरळ उकिरड्यावर. लसूणघास वाळवून टाकायचा मोह होतो, पण मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं, मुतखड्याची भीती.

सध्याची रचना अशी: खाली फळी, त्यावर वर्तमानपत्र, वर चार बोटं गवत. एका कोपऱ्यात प्लास्टिकचं घमेलं. ससा बहुधा ठरलेल्या जागीच मुततो, त्यामुळे रोज घमेलं तेवढं बदलायचं, बाकी दोन-तीन दिवसांनी. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीला जातो, म्हणून एका बाजूला शहाबादी फरशीचा उरलेला तुकडा टाकलाय, त्याला पसरायला. रोजची दहा मिनिटं जातात. वहिनी म्हणते, "दहा मिनिटं तुझी नाहीत, माझी जातात." खरंय. म्हणून शनिवार-रविवार माझ्याकडे.

जाळी आबा वाळू चाळायला घेऊन गेले. कापश्याची खपली दीड महिन्याने पडली. डाव्या टाचेवर रुपयाएवढं टक्कल अजून आहे.