बॉनेटखालचे जाळे

मार्गशीर्षात सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार बसतो. त्या घोड्यांचे कौतुक पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हाला आज लिहायचे आहे ते घोडे वाहून आणणाऱ्या गाड्यांविषयी, कारण त्या चालवणारी, दुरुस्त करणारी आणि रात्री त्यांच्याच हौद्यात अंग टाकणारी माणसे बहुधा आपल्या घरांतली असतात.

अशा एखाद्या जुन्या जीपचे किंवा पिकअपचे बॉनेट उघडून पाहा. पहिल्या मालकाने फॉग लाईट लावले, दुसऱ्याने गाण्याचा डेक, तिसऱ्याने प्रेशर हॉर्न आणि हौद्यात ट्यूबलाईट. डेक विकला गेला, हॉर्न बिघडला, मात्र वायरी जिथल्या तिथे राहिल्या. चालकाला विचारावे, “दादा, ही वायर कशाची?” उत्तर ठरलेले: “राहू दे, कशाची तरी असेल.”

ही ‘कशाची तरी’ वायरच गाडी पेटवते. बॅटरी बारा व्होल्टची, हात लावला तर झटकासुद्धा बसत नाही, म्हणून माणूस तिला गरीब समजतो. पण हीच बॅटरी सेल्फ फिरवताना शेकडो अँपिअर देते. फ्यूज न लावता थेट बॅटरीवरून घेतलेली बारीक वायर पत्र्याच्या धारेवर घासली, किंवा उंदराने कुरतडली आणि बॉडीला टेकली, तर काही क्षणांत शेगडीच्या तारेसारखी लाल होते. भोवती टेप, डिझेलने माखलेली धूळ, रबरी नळ्या. चालक उडी मारून सुटेल. हौद्यात दोरांनी बांधलेल्या घोड्याला उडी मारता येत नाही, आणि कर्जावर घेतलेल्या गाडीचा हप्ता गाडी जळाली म्हणून थांबत नाही.

आता हेच काम शर्यतीच्या गाडीवर कसे करतात ते पाहू. पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजांतली मुले स्वतः शर्यतीच्या छोट्या गाड्या बांधतात आणि सुप्रा, फॉर्म्युला भारत अशा स्पर्धांना नेतात. सुप्रा ही स्पर्धा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवरही झालेली आहे. २०११ साली सुरू झालेल्या याच सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. (नाव वाचून आमच्या घरातली लहान मुले फार खूश झाली होती.) शर्यतीच्या गाडीत नको ती वायर ठेवत नाहीत. वजन कमी होते हे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे बिघाड झाला तर तो मिनिटांत सापडला पाहिजे. शिवाय सारी वीज एका झटक्यात तोडणारा मुख्य स्विच बाहेरून हात पोचेल असा असावा लागतो. त्याची खूण पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल ठिणगी. चालक बेशुद्ध असला तरी परक्या माणसाला स्विच कळला पाहिजे.

आपल्या गाडीचे वायरिंग सोपे करायचे तर पक्कड हातात घेऊन सुरुवात करू नये. आधी कागद-पेन्सिल. आणि हे काम एकट्याचे नाही. एकाने वायर हलकेच ओढावी, दुसऱ्याने ती कुठून निघाली, कुठे गेली आणि मध्ये फ्यूज आहे का हे लिहावे. चिकटपट्टीवर आकडा घालून वायरीला लावावा. घरातली नववी-दहावीतली मुलगी यात फार उपयोगी पडते. अक्षर चांगले असते आणि ओहमचा नियम तिने नुकताच वाचलेला असतो. आकृती पूर्ण झाल्यावर ज्या वायरीचे दुसरे टोक कशालाच पोचत नाही, ती बॅटरीची अर्थची केबल सोडवून मुळापासून काढावी. अर्ध्यात कापून टेप गुंडाळू नये. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटतो आणि टोक पुन्हा उघडे पडते.

यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला चालू राहायला वीज जवळजवळ लागतच नाही. सेल्फ, अल्टरनेटर, हीटर प्लग असतील तर ते, तेलाच्या दाबाची आणि पाण्याच्या उष्णतेची वायर, आणि बंद करायला सोलेनॉइड असेल तर त्याची एक. बाकी सारे दिवे, हॉर्न, वायपर. मोजून पाहिले तर निम्मे जाळे कामाचे नसते.

दिव्यांपाशी मात्र थोडे थांबू. साठ वॅटचे दोन हेडलाईट म्हणजे १२० वॅट, बाराने भागले की दहा अँपिअर. जुन्या गाड्यांत हा सारा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो. एक चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तांब्याच्या वायरीत यामुळे सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच जातो, गंजलेल्या सांध्यांचे वेगळेच. बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. मग चालक म्हणतो दिवे मंद आहेत, शंभर वॅटचे बल्ब टाकतो, आणि स्विच वितळतो. उपाय रिलेचा. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीजवळच्या फ्यूजमधून जाड वायर, ८७ वरून दिव्याला, ८५ आणि ८६ ला स्विचची बारीक वायर व अर्थ. स्विचमधून मग अगदी थोडा प्रवाह जातो.

फ्यूज वायरीचे रक्षण करतो, दिव्याचे नव्हे. वायर बारीक तर फ्यूज लहान. दहाचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा, तीसचा हिरवा. उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग आहेत. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की घरात पोरे झोपलेली असताना असे कराल का?

अर्थकडे कोणी लक्ष देत नाही. इंजिन रबरावर बसते, म्हणून इंजिनापासून चेसिसला जाड पट्टी हवीच. रंग खरवडून, घट्ट बोल्टने. ती सैल असली की सेल्फ कण्हतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर येतो. सांधे पिळून जोडण्याऐवजी लग दाबून बसवावेत, वर स्लीव्ह चढवावी. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश घालावा.

मुख्य स्विच आपणही बसवू शकतो, पण तो गाडी उभी असताना, रात्री बंद करण्यासाठी. डिझेल इंजिन चालू असताना तो फिरवला तर इंजिन थांबणार नाही, उलट अल्टरनेटरचे डायोड जाण्याची भीती.

एक इशारा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांना यातले काही लागू नाही. तिथे संगणक बसलेला असतो आणि बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या कॅन पद्धतीने पिळलेल्या दोन तारांवर अनेक यंत्रे एकमेकांशी बोलतात. निकामी वाटणारी वायर तोडली तर गाडी जागची हलणार नाही.

गॅरेजात वर्षानुवर्षे पाना देणाऱ्या आपल्या मुलाला उस्ताद वायरिंग दाखवत नसेल, तर त्याला एक जाड वही घेऊन द्या. रोज एका गाडीचा एकच भाग, हेडलाईटचा किंवा हॉर्नचा, त्याने पाहून काढावा. दहावी झाली असेल तर आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. आणि स्वतःच्या गाडीची आकृती तयार झाली की तिची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून बॉनेटच्या आतल्या बाजूला, उष्णता लागणार नाही अशा कोपऱ्यात चिकटवा. दोंडाईचाच्या वाटेवर रात्री दोन वाजता दिवे गेले तर टॉर्च आणि ती आकृती पुरते.