उमरेडचं घर विकण्याआधी

पोरांना शिकवायचं तर नागपूर गाठा, असा सल्ला उमरेडमध्ये आपल्या घराघरांत दिला जातो. मग इथलं अंगणाचं घर विकून मोमिनपुरा, जाफरनगर किंवा ताजबागकडे दोन खोल्या घ्यायच्या. इतर लोक शहर निवडताना भाडं, बाग, मैदान बघतात. आपल्याला आधी हे बघावं लागतं की नाव ऐकून घरमालक घर देईल का. म्हणून सगळे मोजक्याच वस्त्यांत शिरतात, भाडं चढतं, आणि पोरांना खेळायला गल्ली उरते.

शिक्षक म्हणून मला हा सौदा महागाचा वाटतो. उमरेड नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. जवळच कऱ्हांडल्याचं जंगल; नागझिऱ्याहून आलेला ‘जय’ वाघ इथंच रमला होता. (सफारी खिशाला जड, पण सकाळी शेतवाटेने फिरायला तिकीट लागत नाही.) कोळसा खाणीची धूळ आहे, ते नाकारत नाही. खरी अडचण रोजच्या येण्याजाण्याची. नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. ब्रॉडगेजवर सकाळ-संध्याकाळ स्वस्त पॅसेंजर धावली तर कॉलेज-नोकरी नागपुरात आणि बिऱ्हाड इथंच, असं जमू शकतं. जमातीच्या बैठकीत आपण लग्नाच्या खर्चावर तासभर बोलतो. पुढच्या वेळी या गाडीच्या अर्जावर सह्या घेऊ या.