मामंजींच्या बंदुकीचा दस्ता

मैत्रिणींनो, आजचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, "अगं बाई, हे काय भलतंच!" आज मी लिहिणार आहे बंदुकीच्या लाकडी दस्त्याला तेल-पॉलिश कसं करावं याबद्दल. पण घाईनं पान उलटू नका. जे दस्त्याला लागू, तेच तुमच्या घरातल्या शिसवी पाटाला, पाळण्याला आणि सासूबाईंच्या आरामखुर्चीला लागू आहे.

आम्ही राहतो आरे कॉलनीत. झाडी भरपूर, तसा ओलावाही भरपूर. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी धरते. माझे सासरे राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेले. त्यांची स्वतःची एक छऱ्याची बंदूक होती, हवेच्या दाबावर चालणारी. ते गेले आणि ती माळ्यावर गेली. दोन पावसाळे तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. दिवाळीच्या साफसफाईत खाली काढली, तर दस्त्यावर पांढरी बुरशी, जुन्या पॉलिशचे खवले सुटलेले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसता पदरानं दस्ता पुसला. तेव्हाच मी ठरवलं की हे काम आपण करायचं.

आणखी एक कारण होतं. आमची लेक आठवीत आहे आणि तिला नेमबाजी शिकायची आहे. आपल्याकडे ही काही नवलाई राहिलेली नाही. मुंबईच्या अंजली भागवत कॉलेजात असताना एनसीसीतून या खेळात आल्या आणि 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. 2024 मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक आणलं, तोही कोल्हापूर जिल्ह्यातलाच. आजोबांच्या बंदुकीनं स्पर्धा खेळता येत नाही, हे लेकीलाही ठाऊक आहे. पण आजोबांची वस्तू तिच्या हाती धड यावी, एवढंच मनात होतं.

आधी सावधगिरी. 0.177 इंचापर्यंतची नळी आणि 20 ज्यूलच्या आत शक्ती असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. पण म्हणून ते खेळणं नव्हे. छऱ्यानं डोळा जाऊ शकतो. पाखरांवर नेम धरणं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. घरात परवान्याची खरी बंदूक असेल, तर ती परवानाधारक कारागिराकडेच न्यावी, आपण स्क्रूला हात लावू नये. आमची छऱ्याची होती, तरी यांनी आधी नळी मोडून आत छरा नाही ना, ते पाहिलं. मग दस्त्याचे स्क्रू काढले. लोखंडी भाग मात्र उघडायचा नाही. आत दाबलेली स्प्रिंग असते, ती उसळली तर हात फोडील. तो भाग तसाच मशीनच्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला, स्क्रू एका डबीत घालून वर चिठ्ठी लावली.

आता लाकडावर आधीचं पॉलिश कोणतं आहे, ते कसं ओळखावं? न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. मिनिटभरात तिथं चिकट झालं, तर ते चपडीचं पॉलिश. काहीच झालं नाही, तर बहुधा व्हार्निश किंवा हल्लीचं पीयू. आणि पाण्याचा थेंब टाकताच लाकूड तो पिऊन काळपट झालं, तर लाकूड उघडं तरी आहे किंवा त्याला नुसतं तेल दिलेलं आहे. आमचा दस्ता चपडीचा निघाला. स्पिरिटच्या फडक्यानं पुसपुसून सगळं पॉलिश निघून आलं, घासायची फारशी गरजच पडली नाही. व्हार्निश असेल तर रिमूव्हर लागतं. ते मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच वापरा, आणि मुलांना लांब ठेवा.

दस्त्याला दोन-तीन पोचे होते. सुताराला विचारलं तर म्हणाला, "लांबी भरून टाकू, मशीन मारू आणि स्प्रेनं चकाचक करून देतो." पण नुसता दबलेला पोचा असेल आणि लाकूड तुटलेलं नसेल, तर लांबी कशाला? ओलं फडकं घडी करून त्यावर ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवायची. वाफेनं दबलेले धागे फुगून वर येतात. दोन-चारदा करावं लागतं, पण पोचा पुष्कळसा भरून येतो. जेवणाच्या टेबलाच्या पोच्यालाही हाच उपाय.

मग पॉलिश पेपर. आधी 120 नंबरचा, मग 180, शेवटी 240. नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं घासावं, आडवं कधीही नाही. शेवटी ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्यावं, म्हणजे बारीक कुस वर येते, ती पुन्हा 240 नं हलकेच काढावी. जिथं लोखंड लाकडात बसतं त्या कडांना घासू नका, नाहीतर सांधा ढिला होतो. नक्षीच्या खाचा जुन्या टूथब्रशनं साफ करा.

इथंच मी चुकणार होते. दस्त्याच्या एका बाजूला मामंजींनी चाकूनं कोरलेलं नावाचं पहिलं अक्षर होतं, आणि जिथं ते गाल टेकवत तिथं लाकूड गर्द, गुळगुळीत झालेलं. मला वाटलं, सगळं एकसारखं करून टाकू. पेपर तिथं नेला आणि मागून सासूबाई म्हणाल्या, "तेवढं राहू दे गं." मी हात आवरता घेतला. मैत्रिणींनो, घासलेलं लाकूड परत येत नाही. जुन्या वस्तूवरचा कोणता डाग मळ आहे आणि कोणता आठवण आहे, ते पेपर हातात घेण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं.

आता खरा प्रश्न, लावायचं काय? तीन वाटा आहेत.

पहिली चपडी. ही लाखेपासून होते. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम या झाडांवर पोसतात. लिटरभर स्पिरिटमध्ये दीडशे ग्रॅम चपडी रात्रभर भिजवायची आणि कापसाची पोटली करून पातळ हात द्यायचे. झळाळी सुरेख, वाळतेही चटकन. पण दमट दिवशी लावली तर पांढुरकी होते, आणि गरम कपाचा डाग पडतो. देव्हाऱ्याला उत्तम, सतत हाताळायच्या वस्तूला नको.

दुसरी वाट पीयू किंवा व्हार्निशची. पाण्याला चांगलं टिकतं, म्हणून टेबलाला छान. पण वर कवच बसतं, ओरखडा पडला तर नुसता डाग लावून भागत नाही, बहुधा सगळंच काढून पुन्हा करावं लागतं.

तिसरी जवसाचं तेल. जुन्या .303 रायफलींच्या दस्त्यांना हेच लावत, आणि मामंजीही नोकरीत असताना हेच चोळत. ते लाकडात मुरतं, चकाकत नाही, पाण्याला पीयूइतकं दाद देत नाही असंही नाही. पण ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा चोळता येतं. आम्ही हेच निवडलं.

दुकानात "बॉईल्ड लिनसीड" मागा. त्यात लवकर वाळण्यासाठी औषधं घातलेली असतात, म्हणून पोळपाट-लाटण्याला ते लावू नका. तिथं खाण्याचं कच्चं जवसाचं तेल घ्या, मात्र वाळायला बरेच दिवस द्या. आणि खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल नकोच. ते वाळतच नाही, चिकट राहून खवट होतं.

पहिला हात निम्मं टरपेंटाइन मिसळून द्यावा. पंधरा-वीस मिनिटांनी वरचं तेल कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून काढावं. पुसलं नाही तर गोंदासारखा थर बसतो. चोवीस तासांनी पुढचा हात, नुसत्या तेलाचा, तळहातानं चोळून. असे पाच-सहा हात. आतली खोबण आणि मागचं टोकही विसरू नका, ओल तिथूनच शिरते. आणि हे काम दिवाळी ते होळीच्या कोरड्या दिवसांतच करा.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या घाईत मी तेलाचे बोळे एका प्लास्टिकच्या बादलीत कोंबून गॅलरीत ठेवले. दुपारी घरी आले तर करपल्यासारखा वास. हात घातला, तर मधला बोळा चांगलाच गरम! जवसाचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि त्यातून उष्णता निघते. फडकी कोंबून ठेवली की ती उष्णता आतच साठते आणि काडी न ओढता पेट घेते. आगी अशाही लागतात. म्हणून फडकी बाहेर दोरीवर एकेक पसरून कडक वाळू द्या, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. एवढं वाचून बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आता बंदूक कुलपात आहे, किल्ली सासूबाईंच्या कमरेला. रविवारी यांच्यासमोर लेक पुठ्ठ्यावर नेम धरते. गाल टेकवते तो नेमका त्याच गर्द जागी.