नाव एका गावाचं, राखण सगळ्यांची

द्राक्षाच्या घडात कुजका मणी दिसला की आपण तो काढून बांधावर फेकतो. हंगेरी देशात तोकाय नावाचं एक गाव आहे. तिथले बागाईतदार बुरशी लागून सुकलेला मणी मुद्दाम वेलीवर राखतात, एकेक करून हाताने वेचतात आणि त्याची वाईन करून जगभर विकतात. शेतकरी बंधूंनो, पिण्याचं कौतुक करावं म्हणून हा विषय घेतलेला नाही. एका लहान गावाने मालाचं नाव कसं कमावलं, मधल्या काळात ते कसं उतरलं आणि पुन्हा कसं उभं केलं, हे समजून घेण्यासारखं आहे. बागाईतदारांबरोबरच सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीच्या संचालकांनीही त्यावर विचार करावा.

तोकाय हे जेमतेम चार-पाच हजार वस्तीचं गाव. बुडापेस्ट या राजधानीतून रेल्वेने अडीच-तीन तासांत तिथं पोचता येतं. सकाळी जाऊन रात्री परत येणारे प्रवासी पुष्कळ असतात. त्यातले बरेचजण मोटार न घेता रेल्वेनेच जातात, कारण हंगेरीत गाडी चालवणाऱ्याच्या अंगात दारूचा थेंबही चालत नाही. कायदाच तसा आहे.

गावाशेजारी बोद्रोग ही नदी तिसा नदीला मिळते. पाठीशी पाचशे मीटरहून उंच डोंगर, त्याच्या उतारावर बागा आणि जमिनीखाली खडकात कोरलेली तळघरं. ही तळघरं बुटकी आणि लांबलचक असतात. आत बाराही महिने १० ते १२ अंश तापमान. भिंतींवर काळ्या बुरशीचा मऊ थर चढलेला असतो, तो कुणी खरवडत नाही. हवेतला ओलावा सांभाळायला त्याची मदत होते, असं तिथले लोक मानतात.

तळघरात चव घेण्याची एक ठरलेली रीत आहे. पेल्यात घोटभरच ओततात आणि नको असेल तर थुंकायला भांडंही ठेवलेलं असतं. आधी फुरमिंट या स्थानिक वाणाची कोरडी, आंबटसर वाईन देतात. मग सामोरोदनी येते. ती चांगले आणि सुकलेले मणी न निवडता अख्ख्या घडांची करतात. त्यानंतर असू, म्हणजे वेचलेल्या सुक्या मण्यांची गोड वाईन. शेवटी एसेंसिया. सुके मणी साठवले की त्यांच्याच भाराने जो पाक खाली ठिबकतो, तो हा. त्यात लिटरमागे ४५० ग्रॅमहून जास्त साखर असते. पेल्याऐवजी तो चमच्यानेच देतात.

आता यातलं शास्त्र पाहा. बोट्रायटिस ही बुरशी आपल्यालाही नवी नाही. पावसाळी, दमट हवेत ती घडाची राखाडी कूज करते आणि बाग हातची जाते. तोकायला शरद ऋतूत नद्यांवरून पहाटे धुकं चढतं आणि दुपारी कोरडं ऊन पडतं. धुक्यात बुरशी मण्याच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, उन्हात त्यातून पाणी उडून जातं. मणी बेदाण्यासारखा सुकतो, साखर आणि आंबटपणा दोन्ही घट्ट होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकाच वेलीवर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून फक्त असेच मणी वेचतात. वाकबगार मजुराला दिवसभरात आठ-दहा किलो मिळाले तरी पुष्कळ. पाऊस लागून राहिला की त्या वर्षी असू फार थोडी होते, किंवा होतच नाही.

इथं एक इशारा. हे वाचून कुणी आपल्या बागेत बुरशी राखू नये! आपल्याकडे ती हवा नाही, ते वाणही नाहीत. शिकायचं आहे ते पुढं आहे.

पहिली गोष्ट मापाची. असू मणी पाठीवरच्या लाकडी डालग्यातून आणत. तिला पुत्तोन्य म्हणतात. एका डालग्यात साधारण पंचवीस किलो माल मावे. १३६ लिटरच्या पिंपात किती डालगी माल पडला, तो आकडा बाटलीवर येई. गिऱ्हाइकाला आकड्यावरून प्रत कळत असे. आता साखरेच्या मोजणीवर प्रत ठरते. २०१३ सालापासून असूमध्ये लिटरला किमान १२० ग्रॅम साखर लागते, सहा पुत्तोन्यसाठी १५० ग्रॅम. त्याखालच्या मालाला असू हे नाव लावताच येत नाही.

दुसरी गोष्ट हद्दीची. १७३७ साली राजाच्या फर्मानाने तोकायच्या प्रदेशाची हद्द ठरली. आज त्यात २७ गावं येतात. इटलीत एका वेगळ्याच द्राक्षाला 'तोकाय' म्हणत आणि फ्रान्समध्येही ते नाव वापरात होतं. हंगेरीने नेट लावला, १९९३ साली युरोपीय समुदायाशी करार झाला आणि ३१ मार्च २००७ नंतर दोघांनाही ते नाव सोडावं लागलं. इटलीतले लोक ते नाव पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते, तरीही सोडावं लागलं.

तिसरी गोष्ट कडू आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर समाजवादी राजवटीत तोकायची वाईन सरकारी कारखान्याकडे गेली. बागाईतदाराला वजनावर भाव मिळू लागला. ट्रॅक्टर चालावा म्हणून उतारावरच्या चांगल्या बागा ओस पडल्या आणि खालच्या सपाटीवर लागवड वाढली. माल वाढला, प्रत घसरली. सोव्हिएत संघ सगळं उचलत होता, म्हणून कुणाला काळजी वाटली नाही. १९९० च्या सुमारास ते गिऱ्हाईक गेलं आणि पिंपं पडून राहिली. पुढं बाहेरचं भांडवल आलं, उतारावरच्या बागा पुन्हा लागल्या, निवडून तोडणी सुरू झाली. २००२ साली या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

वजनावर भाव आणि एकच गिऱ्हाईक, ही जोडगोळी आपल्याला अनोळखी नाही. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाईनच्या वाणांची लागवड वाढली. दशक संपता संपता कारखान्यांची उचल थांबली आणि अनेकांना उभ्या बागा काढाव्या लागल्या. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे आपली निर्यातीची द्राक्षं युरोपात अडकली. ज्यांनी ते वापरलंच नव्हतं, त्यांच्या मालाकडेही गिऱ्हाईक संशयाने बघू लागलं. नाव सामाईक असलं की डागही सामाईक लागतो.

नाशिकची द्राक्षं, नाशिक व्हॅली वाईन, सांगलीचा बेदाणा यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण मानांकन मिळालं म्हणजे काम झालं, असं समजू नका. १९९९ च्या कायद्याप्रमाणे ते नाव मालावर लावायचं तर बागाईतदाराने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. तुमच्या गावात अशी किती नावं नोंदली आहेत? ग्रामसभेत हा विषय घ्या. ग्रामसेवकांनी सात-बारा आणि पीकपाहणीचे उतारे एकत्र करून द्यावेत, सोसायटीने अर्ज एकगठ्ठा पाठवावेत. फवारणीची नोंदवही प्रत्येक बागेत असावी. परक्या भागाचा माल आपल्या नावाच्या खोक्यात भरला जात असेल तर तो आपला भाऊबंद असला तरी त्याला अडवा.

तोकायच्या माणसांना हे शहाणपण चाळीस वर्षांचं नुकसान सोसून आलं. आपल्याला त्यांच्या अनुभवावरून ते फुकटात मिळतंय. येत्या ऑक्टोबर छाटणीच्या आत निदान नोंदणीचे अर्ज तरी भरून टाका.